कान आधी वाळतो

फळीवर बारा जग, बाराही जणांचे कान ओले.
ग्लेनिस कोपस्टिक ड्रायक्लीनरची पिशवी फाडते,
एकेका कानावर घालते,
शाळेत निघालेल्या पोराला कानटोपी घालावी तशी.

"कान बारीक. तो आधी वाळतो, आधी आखडतो.
पोट अजून ओलंच असतं, त्याला कसली घाई?
मग दोघं चिकटलेत तिथं क्रॅक."

तिच्याकडे एकच शब्द.
माझ्याकडे चीर आहे, भेग आहे, तडा आहे.
आणि केस म्हणून पुसायला जावं तर पुसलं जात नाही ते,
त्याला माझ्याकडेही नाव नाही.

बाहेर लाँगटन, फेब्रुवारी, चारलाच दिवे.
बाटलीच्या घाटाची जुनी भट्टी,
तिच्या धुराड्यावर पारवे.

हीटरकडे माझा हात गेला की ग्लेनिस नुसती खाकरते.
बुडाखाली वर्तमानपत्र, आक्रसताना सरकायला.
सकाळ-संध्याकाळ उलथे करायचे,
खिडकीकडची बाजू भिंतीकडे.
आणि वाळला का, हे गालाला विचारायचं:
गार लागला तर आत पाणी आहे.

बुधवारी गार. गुरुवारी गार.
शुक्रवारी कळेना, गाल गार की जग.

शनिवारी, नववा.
कानाच्या मुळाशी, मीच अंगठ्यानं दाबलं होतं तिथं,
नखाएवढी.
ओलं बोट फिरवलं, बुजली.
दुपारी परत आली, जरा लांब होऊन.
ग्लेनिसनं चष्मा कपाळावर सारला.
"कितीदा बुजवशील? भट्टीत बोलेलच ती."

मी बादलीचं झाकण उघडलं.
"थांब. अर्धा ओला टाकलास
तर महिनाभर गोळाच राहील पाण्यात.
पुरता वाळू दे आधी."

आणि तिनं स्वतः हीटर लावला,
त्या एकट्यासाठी.
आता घाई चालणार होती.

मंगळवारी गालाला लावला. काहीच नाही,
माझ्या गालाइतकाच.
पाण्यात सोडला तर फसफसला,
बुडबुडे, आणि पहिल्यांदा सुटला तो कान,
मग काठ, मग पोट बसत गेलं
स्वतःच्याच आत.
कोपरापर्यंत हात घातला. तळाशी
बोटांत धरता येईल असं काही नव्हतं.

"किती राहिले?" आतून ग्लेनिस.

अकरा, मी म्हटलं.
आणि बादली.