हजेरी : चौदा

कागदावर मी क्रम नीट लावला होता :
सकाळी ठाणे, दुपारी बेलापूर,
मधे जेवण,
शेवटी खाडीवर रोहित दिसले तर दिसले.

ठाण्याचा किल्ला बाहेरूनच पाहायचा असतो.
आत कैदी आहेत.
पहारेकऱ्याने कॅमेऱ्यांकडे बोट करून मान हलवली,
तशी चौदा परदेशी मुलं भिंतीकडे पाठ करून
समोरच्या झेरॉक्सच्या दुकानाचे फोटो काढू लागली.
तिगिस्तने विचारलं, "मॅडम, किल्ला कुठे गेली?"
"गेला," मी म्हटलं. "पुल्लिंग आहे."
पुढे काही सुचलं नाही.

तिगिस्त. अदिस अबाबाची.
एका वर्षासाठी आलेली, राहायला नेरूळला.
मराठी शिकली मेसच्या मावशींकडून,
म्हणून तिला "वाढू का?" आधी आलं
आणि "नमस्कार" बऱ्याच नंतर.

जांभळी नाक्याजवळ आंबोळी मागवली.
ती बघतच राहिली ताटाकडे.
"आमच्याकडे अशीच. जास्त आंबट. पण भोकं हीच."
तुकडा तोडला, उसळीत बुडवला,
आणि स्वतः खायच्या आधी
हात लांबवून माझ्या तोंडापाशी आणला.
तिकडची रीत, म्हणाली. घास जेवढा मोठा, तेवढी माया.
मी हसून मान बाजूला केली.
चौदा मुलं पाहत होती, मी मॅडम होते.
घास तिनेच खाल्ला.

बेलापूरला किल्ला म्हणजे एक बुरूज,
थोडी भिंत, भिंतीत घुसलेली मुळं,
आणि विटांचे स्टंप.
मी पाठ केलेलं सुरू केलं :
"हा किल्ला बांधला, असं म्हणतात, सिद्द्यांनी…"
आणि घाईने पोर्तुगीजांवर गेले,
तिथून बेलाच्या माळेच्या नवसावर. तो नेहमी आवडतो.
"सिद्दी म्हणजे कोण?"

मला माहीत होतं. शाळेपासून.
पुस्तकात तो दुसरा शब्द कायम शत्रूच्या रांगेत उभा असायचा,
आणि आमच्या गल्लीत
काळ्यासावळ्या पोरींच्या पाठीवर मारायला ठेवलेला.
माझ्या बहिणीच्या.
मीही एकदा मारला होता.

तेवढ्यात क्रिकेटवाल्यांतला एक,
आठ-नऊ वर्षांचा, पुढचा दात पडलेला,
बॉल शोधत आला, तिला पाहून थबकला,
मागे वळून ओरडला,
"ए, हबशी बघ, हबशी!"

मी तोंड उघडलं. ते तसंच राहिलं.
तिगिस्त वळली होती.
परमुलखात कुणी घरच्या नावाने हाक मारावी
तसा तिचा चेहरा.
"हबेशा! हो, मी! तुला कोणी सांगितलं?"

पोरगा गोंधळला.
टाकलेला दगड कोणी झेलून
छान आहे म्हणावं, असं त्याचं पहिल्यांदाच झालं असणार.
त्याने चप्पल मातीत घासली.
"बॉलिंग येते?" एवढंच विचारलं.

येत नव्हती. पहिला बॉल बुरजावर गेला,
दुसरा माझ्या पायाशी.
तो घ्यायला आली तेव्हा
तिने भिंतीवर तळवा टेकवला,
ताप बघतात तसा.
"ते इथे आले, की आणले?"
व्याकरण अगदी बरोबर होतं.
"दोन्ही," मी म्हटलं.
"परत गेले?"
"पुस्तकात नाही."
ती थोडा वेळ तशीच उभी राहिली.
मग त्या पोराने हाक मारली, या वेळी "ताई" म्हणून,
आणि ती पळाली.
मला "दोन्ही" पुरेसं वाटेना,
पण पुढचं सांगायला माझ्याकडे काहीच नव्हतं.

साडेपाचला बसमध्ये मी डोकी मोजली. तेरा.
पुन्हा मोजली. तेरा.
ड्रायव्हरने हॉर्नवर हात ठेवला,
पाम बीचला ट्रॅफिक लागेल म्हणाला,
रोहितांचं तर विसराच.

खिडकीतून बुरूज दिसत होता,
त्याखाली विटांपुढे वाकून उभी ती,
बॅट उलटी धरलेली.

"थांबा," मी म्हटलं.
"आत्ता कुठे तिची बॅटिंग आलीय."