नियंत्रण गट

फहाहीलवर सकाळपासून धुळीचं वादळ.
समुद्र दिसत नाही, आहे एवढं कळतं.
तळघरात मात्र थंडगार,
आणि चुंबक, जे रात्रीही बंद होत नाही.

कमरुद्दीन हमदुले, वय एकसष्ट, मूळ गाव बाणकोट,
शुऐबा बंदरात टगबोटीवर सव्वीस वर्षं,
साखर सतरा वर्षं.
दोन्ही एका दमात सांगतात,
जणू दोन्हीकडून पेन्शन यायची आहे.

अंगठी काढा, चाचा. घड्याळ. पट्टा.
ताइतापाशी हात थांबतो.
चांदीचा आहे, चालंल ना?
चांदीचं काही नाही हो,
आतल्या कागदावरच्या शाईत लोखंड असलं तर,
ते मला माहीत नाही.
मी तो ट्रेमध्ये ठेवते,
नाण्यांपासून जरा लांब.

नळीत जाताना म्हणाले, इंजिनरूमपेक्षा बरंय.
मग ठोके सुरू झाले.
चाळीस मिनिटांनी बाहेर आले तेव्हा
प्रत्येक आवाजाला त्यांनी काम वाटून दिलेलं होतं:
हा बिल्ज पंप, हा जनरेटर,
आणि तो मधला,
कुणीतरी डेकवर गंज खरवडत होता ना?

नंतर बारा शब्दांची परीक्षा.
यादी अरबीत. डॉक्टर शैखा म्हणाल्या,
तूच सांग त्यांना तुमच्या भाषेत.
पूल, शिडी, सुई, दिवा.
ससाण्याची मी घार केली.
खजूर तसाच राहिला.
वीस मिनिटांनी त्यांना पाच आठवले,
आणि सहावा: वल्हं.
वल्हं यादीत नव्हतं.
फॉर्मवर त्यासाठी वेगळा रकाना आहे,
घुसखोर शब्द.
मी तिथे एक लिहिलं. आकडा.
शब्द लिहायला जागा नाही.

पडद्यावर राखाडी.
त्यात पांढरे ठिपके,
भरतीचं पाणी ओसरून वाळलेल्या चिखलावर
मीठ उरतं तसे.
इतक्या वर्षांच्या साखरेनं
मागे मीठच ठेवावं!

आठवणीची जागा समुद्रघोड्यासारखी असते
हे त्यांना कुणीतरी सांगितलेलं.
जाळ्यात यायचा आमच्या, वाळवून पोरांना द्यायचो.
आहे का माझा जागेवर?
आहे, म्हणाले.
बारीक झालाय हे सांगणं
माझ्या कामात बसत नाही.

तुलनेसाठी वीस निरोगी माणसं हवी होती.
नाव असं, की नियंत्रण गट.
मी हसत नाव दिलं,
बेचाळीस वय, जिना चढते,
दिवसाला चार करक चहा, ते कोण मोजतंय.
मारिसेलने बोट टोचलं.
अकरा पूर्णांक नऊ.
मी मिरजेच्या हिशोबात अठराने गुणलं,
आणि पुन्हा गुणलं,
गुणाकार चुकावा म्हणून.

तिने निरोगी, क्रमांक सात, खोडला.
पट्टी लावून, सरळ रेघ.
दुसऱ्या वहीत एकतीस लिहिला.
काही बोलली नाही. माझ्या कपातला चहा
बेसिनमध्ये ओतून आली.

आठवड्याने मी त्याच टेबलावर,
कानातली काढून, मंगळसूत्र ट्रेमध्ये.
काचेपलीकडे माझ्या खुर्चीत दुसरं कुणी.
ठोके रोज ऐकते, बाहेरून.
आतून ते कशाचेच नव्हते.
पंप म्हणून पाहिलं. जनरेटर म्हणून पाहिलं.
गंज खरवडणारा माणूस आला नाही.

जुनी यादी मला पाठ, म्हणून मला नवी दिली.
मारिसेलने इंग्रजीत वाचली, सावकाश.
वीस मिनिटांनी मी डोळे मिटून सांगत गेले,
आठ, नऊ,
दहावा.

मारिसेलचं पेन थांबलं.
ही भाषा मला येत नाही, म्हणाली,
पण हा शब्द यादीत नव्हता ना?