मिठाचं धुकं

आमच्या शेडमधला समुद्र दोनशे लिटरचा आहे.
निळा ड्रम, जुन्या कूलरची मोटर,
झाकणाभोवती सायकलची फाटकी ट्यूब,
आत मिठाच्या पाण्याचं धुकं
चार दिवस, चार रात्री.
लाईट गेली की शेठचा पोरगा पळतो जनरेटरकडे,
समुद्र थांबला तर पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागतं.

धुक्यात नायलॉनला टांगलेली झाकणं
गोल, फुगीर, चकचकीत.
जहाजाच्या पाठीवर बसतात म्हणे.
पहिल्या दिवशी दसाराम मिस्त्री म्हणाला,
"जहाजाच्या पोटात इंजिन राहते, माणसं राहतात,
त्याइले हवा पायजे, पाणी नाही पायजे.
हवेले ये म्हणाचं, पाण्याले जा म्हणाचं. बस."
जहाज त्यानंही पाहिलेलं नाही.
तीस वर्षं त्यानं भंडाऱ्यात पितळेचे गुंड ठोकले.

मला ती शिंपीच वाटली,
वैनगंगेच्या गाळातली,
जिची पाठ दगडावर घासून आई भोक पाडते
आणि त्या भोकाच्या धारेनं कैऱ्या सोलते.
हिला फक्त सात चिरा.
दीडशे नग रोज माझ्या हातून जातात,
खरखरीत चाक, मग सुती, मग हिरवा मसाला,
शेवटी माझंच तोंड दिसतं त्यात,
पसरट,
कपाळावरून सात फटी गेलेलं.

धान कापणीच्या तोंडावर
मी आईचा विळा पिशवीत घालून नेला.
जेवणाच्या सुट्टीत धरला त्याच चाकावर.
दोन मिनिटं, जास्त नाही.
पिवळ्याजर्द ठिणग्या उडाल्या.
स्टील इतकं बोलत नाही कधी.

चौथ्या दिवशी ड्रम उघडला
तर चाळीसच्या चाळीस झाकणांवर तांबडे ठिपके,
मोहरीएवढे.
शेठ फोनवर ओरडत होता, माल देणाऱ्यावर.
दसारामनं एक झाकण उचललं, नखानं खरवडलं,
"तीनशे सोळा नंबरचा माल आहे हा.
याले समुद्र खात नाही.
याच्यात लोखंड आलं कोठून?"
मग तो चाकाजवळ गेला,
चाकाचा वास घेतला,
माझ्याकडे पाहिलं नाही.
नवीन चाक चढवलं,
जुनं घेऊन नालीकडे गेला.
त्यावर आजपर्यंत एक शब्द नाही.
मी मात्र त्याच्या चहात
तेव्हापासून साखर जास्त टाकते.

वाया गेलेलं एक झाकण घरी आणलं.
बाबा डोंग्यात जाळं सोडवत बसले होते.
"का होय गा हे?"
"जहाजाले हवा घ्यायचं."
"जहाज हवा घेते?"
"खाली माणसं असतात ना, बाबा."
बाबांनी डोंग्याच्या तळावर पाय आपटला.
"आपल्या खाली त नदीच आहे," म्हणाले,
आणि झाकण तोंडाला लावून फुंकर मारली.
सात फटींतून सात बारीक आवाज आले.
कुत्र्यानं कान टवकारले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ते खुराड्यावर ठोकलं,
चार खिळे मारून.
मुंगूस फार माजलं होतं यंदा.
आता कोंबड्यांना हवा येते, मुंगूस येत नाही.
शेजारची पारबता विचारून गेली,
असंच एक मिळेल का, पैसे देते.

एक गोष्ट कोणालाच सांगितली नाही.
त्याच दुपारच्या चाकावरचे साठ नग
ड्रममध्ये न जाताच निघून गेले होते,
कोचीच्या गाडीत, गवताच्या पेंड्यांत गुंडाळून.
गाडीला घाई होती.

खुराड्यावरच्या झाकणाला चार महिने झाले.
रोज अंडी काढताना पाहते,
ठिपका मोहरीएवढाच आहे अजून.
इथं मीठ नाही.

तिकडचे वाढत असतील.