पत्ता

अण्णांच्या हातात पत्ता द्यायचा तर आधी बजावावं लागतं,
बोट ओलं करायचं नाही.
एकतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोटा तपासल्या त्यांनी,
अंगठा अजून आपसूक जिभेकडे जातो
आणि मी ओरडते, अण्णा, बाराशेचा आहे तो!

मग ते कडेला धरून पत्ता ट्यूबलाइटसमोर नेतात.
आत वॉटरमार्क नसतो.
कपाळावर कंदील असलेला एक बेडूक असतो,
खाली जपानी अक्षरं,
कोपऱ्यात ताकद : नव्वद.
‘कागद बरा आहे,’ म्हणतात,
आणि एवढंच.

आई शेजारी सांगते, ऑनलाइन काहीतरी विकते ती.
पत्ते कुटते, असं कोणत्या तोंडानं सांगणार?

रविवारी कॉलेज रोडला, झेरॉक्सवाल्याच्या माळ्यावर आमचा अड्डा.
नियम एकच आणि तो माझा :
मिसळ खाऊन आलात तर आधी साबण.
तर्रीचं बोट लागलं की पत्त्याची किंमत निम्मी, मैत्रीचीही.
झैद पिसायला लागला की
भद्रकालीत त्याच्या मामाच्या दुकानात कैची चालते, तसा आवाज येतो.
सिन्नरहून एसटीनं येणारा ओंकारेश्वर खुळे
सगळा खजिना स्टीलच्या डब्यात आणतो, पोळीच्या कप्प्यात.
परवा हरला, तर एक बेडूक देऊन दोन कासवं घेऊन गेला
आणि जिंकल्यासारखा जिना उतरला.

तो पत्ता मला त्याच माळ्यावर सापडला,
चाळीस रुपयांच्या बंद पाकिटात.
निळा रंग दोन मिलिमीटर घसरलेला,
बेडूक एकीकडे, त्याचा कंदील दुसरीकडे पेटलेला.
रात्री फोटो टाकला.
सकाळपर्यंत सिलिगुडीचा एक माणूस अकरा हजारांवर आला होता.

अण्णांनी भिंग काढलं. निवृत्तीनंतर पहिल्यांदा.
बराच वेळ बघितलं.
‘हा पास कसा झाला?’
मी म्हटलं, पास झाला नाही म्हणून तर किंमत आहे.
त्यांना ते पटेना.
चुकलेला कागद म्हणजे मोजून, सही करून, नष्ट.
संध्याकाळी गेटवर खिसे उलटे करून दाखवायचे,
एकतीस वर्षांत कागदाचा कपटाही घरी आणला नाही त्यांनी.
आणि इथे त्यांच्याच कपाटात
माझे सहा फोल्डर, प्रत्येक पानावर नऊ खिसे.

रात्री दीडला स्वयंपाकघरात दिवा दिसला.
पाण्याचा तांब्या समोर, पाणी प्यालेले नव्हते.
‘त्या दिवशी त्या मशीनवर कोण असेल गं?
शिफ्ट संपत आली असेल. डोळे चुरचुरतात शेवटच्या तासाला.
त्याला मेमो मिळाला असेल का?’

ओसाकाला की कुठे, माहीत नाही, म्हटलं मी.
‘नाव नको कळायला,’ म्हणाले.
‘पण तू पैसे घेतलेस, हेही त्याला कळायला नको.’

सोमवारी पाकीट त्यांनीच भरलं.
आधी प्लास्टिकचा पापुद्रा, मग पुठ्ठा, मग चारही कडांना टेप,
अशी की सिलिगुडीवाला शिव्या देईल.
वर पत्ता त्यांच्याच अक्षरात.
पत्त्यावर पत्ता, मी हसले.
ते हसले नाहीत, पिनकोड पुन्हा एकदा तपासत होते.

पोस्टात वजन भरलं अडतीस ग्रॅम.
परतताना प्रेसच्या भिंतीशी स्कूटर थांबवायला लावली.
भोंगा झाला. माणसं बाहेर पडू लागली,
आणि मागच्या सीटवर बसल्याबसल्या
अण्णांनी दोन्ही खिसे बाहेर ओढले.
एकात स्पीड पोस्टची पावती होती,
ती त्यांनी नीट घडी करून
माझ्या हातात दिली.