दोन पायडलं

सव्वीस वर्षांचं हेड. मूळचा रंग कोणता
ते आता आरसीबुकातच वाचायचं.

उजव्या पायाखाली ब्रेकची दोन पायडलं,
एक डाव्या चाकाचं, एक उजव्या.
रानात ती सुटी लागतात.
तासाच्या शेवटी एकच दाबलं की हेड
जागच्या जागी फिरतं, शिकवलेल्या बैलासारखं.
डांबरीला लागलं की पट्टी टाकायची, दोन्ही एक करायची.
पुस्तकात चित्रासकट दिलंय.
पुस्तक इंग्रजीत. सटवाजीच्या भावजयीनं
त्यात बियाण्याच्या पावत्या ठेवल्या.

पट्टी बोटाएवढी. तिची जागा पायडलाच्या पोटाशी,
काळी माती पहिल्यांदा जाऊन बसते तिथं,
आणि वाळली की सिमेंट.
ज्यानं ती कागदावर आखली
त्याच्या टेबलावर वसमतचा चिखल नव्हता.
त्याला बूट होते.
सटवाजीला स्लिपर, तीही अंगठ्यात शिवलेली.

पाडव्याच्या मागंपुढं. हळदीचे बावीस कट्टे मोंढ्याकडं,
कालव्याचा उतार, मधी म्हैस.
एक पायडल खाली गेलं.
एकच चाक थांबलं.
मी पोचलो तवा ट्रॉली उताणी
आणि पाणी पुढच्या पुलापर्यंत पिवळं,
कुणाचं तरी लगीन वाहून चालल्यागत.

विम्याच्या साहेबानं लिहिलं, चालकाची चूक.
शिक्का मारला, शाई वाळायला फुंकर घातली.
मी म्हणलं, साहेब, ह्याच मॉडेलची अकरा हेडं
माझ्या गॅरेजात येतात.
अकराही पट्ट्या तारेनं वर बांधलेल्या.
अकरा माणसं एकाच जागी कशी चुकतात?
साहेब म्हणला, तार बांधली कुणी?

मी.

स्प्रिंग ढिली. नांगरताना पट्टी आपोआप खाली पडती,
हेड वळत नाही, बांध फोडतं,
शेजारी कुऱ्हाड घेऊन येतो.
मग गिऱ्हाईक म्हणतं, मिस्त्री, टाक बांधून.
पन्नास रुपये. चहा त्याचाच.

आता सटवाजीच्या मांडीत सळई आहे.
टायरवर बसतो, पाय लांब करून.
मी कंपनीला शिव्या द्यायला लागलो की चिडतो.
हेडाला नावं ठेवू नको, म्हणतो,
ह्याच्यावर दोन लेकी उजवल्या.
माझाच पाय चुकला.

परवा गेट उघडायच्या आधीच येऊन बसला.
रात्री मिरगाचं आभाळ आलं होतं.
तेवढी तार बांध की परत, म्हणला,
पेरणी तोंडावर आलीय.

मी पक्कड शोधायला लागलो.
टूलपेटी उपसली, बाकाखाली बघितलं,
पोराला ओरडलो.

ती हातातच होती.