रिकामी गाडी

जिनिंगच्या काट्यावर मी बसते, चौदावा हंगाम हा.
ट्रॅक्टर येतो भरलेला, आकडा लिहिते.
माल टाकून परत येतो रिकामा, आकडा लिहिते.
त्यातून हे वजा. उरला तो कापूस.
एवढंच गणित मला झोपेतही येतं.

म्हणून दवाखान्यातल्या त्या चिमुकल्या काट्यावर
पहिल्यांदा चढले तेव्हा हसू आलं.
चौऱ्याऐंशी किलो तीनशे.
म्हटलं, हे भरल्या गाडीचं झालं, रिकामीचं कुठंय?
वंजारी सिस्टर हसल्या नाहीत.
गुडघ्याचा फोटो खिडकीच्या उजेडात धरून म्हणाल्या,
"चाला बाई. रोज. तासभर."

तर पोळ्यापासून चालते आहे,
बंद पडलेल्या छोट्या गाडीच्या रुळांच्या कडेनं.
दोन पट्ट्यांच्या मध्ये तरोटा कमरेएवढा,
आणि स्लीपर मोजत जावं म्हटलं
तर मधले दहा-बारा कुणी नेलेत कोण जाणे.

दसरा गेला. चौऱ्याऐंशी तीनशे.
दिवाळीत चिवड्याला हात नाही, शंकरपाळं एकच, मोजून.
चौऱ्याऐंशी सहाशे.
ते एकच शंकरपाळं तीनशे ग्रॅमचं होतं बहुतेक.

चंद्रकला ओट्यावर दात घासता घासता विचारते,
"काहून वं, उतरलं का काही?"
"उतरली ना. झोप."
ती हसते, मीही हसते,
पण घरी येऊन बूट जरा जोरात फेकते.

एका मंगळवारी गेलेच नाही.
गोधडीत पडून राहिले, डोळे उघडे.
साडेसहाची यष्टी आली,
नाल्याच्या पुलावर गिअर बदलताना ती खाकरते तशी खाकरली,
आणि मला वाटलं, इथं मी असते की.

भादव्यात ती मला बाभळीपाशीच गाठायची,
गावाबाहेर पडले न पडले तोच, हॉर्न देऊन, धूळ पाजून.
मग पंपहाऊसपाशी.
आणि आता पुलावर.
यष्टी वेळेवर येते असं आमच्याकडे कुणी म्हणणार नाही,
पण माझं मन राखायला
रोज दोन-दोन पावलं उशिरा यावी
एवढी काही ती मायाळू नाही.

बुधवारी गेले. पूल ओलांडल्यावर खाकरली.

हंगाम लागला त्या सकाळी फाटकात गाडी नव्हती.
चालून तशीच कामावर आले होते, बुटांना कुसळं.
मोठ्या काट्यावर एकटीच जाऊन उभी राहिले.
लोखंडी पत्रा दवानं ओला, पायाखाली किती रुंद,
एखाद्या खळ्यात मधोमध उभं राहावं तसा.
रज्जाक आतून ओरडला, "ऐंशी!"

साठ टनांचा काटा तो.
दहा किलोच्या आतलं त्याला दिसत नाही.
माझी सगळी दिवाळी, सगळा भादवा,
ग्रॅमा-ग्रॅमानं खाल्लेला जीव,
त्याच्या लेखी दवात जमा.
"पाय रज्जाक," म्हटलं, "एका रात्रीत साडेचार किलो!"

त्यानं गंमत म्हणून पावती फाडली.
गाडी नंबर: नाही.
माल: एक बाई.
ओलावा: आहे.
"रिकामं वजन काय लिहू?"
पेन कानाजवळ धरून तो खरंच थांबला होता.
म्हटलं, ती जागा कोरी ठेव.
गाडी आत्ता कुठं आत गेलीय.

पावती पर्समध्ये आहे, साखरेच्या रिपोर्टामागं.

काल चंद्रकला फाटकापर्यंत आली,
पायात तिच्या पोराचे बूट, लेस न बांधलेली.
"मीई येऊ काय वं उद्यापासून संगं?"
"ये," म्हटलं, "पण मले हळू चालता येत नाही आता."

हे मी थोडं फुगवून सांगितलं.
काट्यावर बसणाऱ्या बाईनं असं करू नये.