ओळंबा

पहाटे साडेतीनला बाबा हाक मारतात,
"पंखा बंद कर न वं माय."
पंखा बंदच आहे.
रात्रीपासून बंद आहे, कूलर तेवढा खिडकीत घरघरतोय,
टाकीतलं पाणी तळाला लागलेलं.
तरी मी उठते, बटण चालू करते, पुन्हा बंद करते,
खटका ऐकू यावा म्हणून.

ते पलंगाची पाटी धरून आहेत.
डोळे मिटलेले, पण पापण्यांच्या आत बुबुळं
हळूहळू एका बाजूला सरकतात आणि झपकन मागे येतात,
गिलाव्यावर रंधा फिरावा तशी.

मेडिकलच्या ओपीडीत डॉक्टरीण बाईंनी
कागदावर गोगलगाईसारखं काहीतरी काढून सांगितलं होतं,
कानाच्या आत बारीक खडे असतात,
ते जागेवरून सुटले की माणसाला घर फिरल्यासारखं वाटतं.
बाबांनी कागद उभा धरून पाहिला, आडवा धरून पाहिला.
"रेतीच म्हना न," म्हणाले,
"चाळून नाही घेतली की असंच होते."

चाळीस वर्षं कन्हानची रेती चाळली त्यांनी.
मानेवाड्याला तुरीची वावरं होती तेव्हापासून
तिथल्या भिंती उभ्या केल्या,
तिसऱ्या माळ्यावर, बांबूच्या परातीवर,
एका हातात थापी, दुसरा हात कशालाच न धरता.

मान उजवीकडे.
"काटकोनाच्या अर्धी," मी सांगते, तेवढं त्यांना पुरतं.
मग एका दमात मागे.
उशी खांद्यांखाली, डोकं लोंबतं माझ्या तळव्यांत.
हे डोकं मी याआधी कधी धरलं नव्हतं.
जड आहे. कानामागे घाम आहे.
मी तोंडाने आकडे मोजते,
सतराला ते माझं मनगट धरतात,
तीसला सोडतात.
मग डावीकडे. मग डाव्या कुशीवर. मग उठून बसायचं
आणि बादली जवळ ठेवायची.

कधी खडे जागी जातात.
मग आठ दिवस ते ओट्यावर बसतात, पोह्यांवर जास्तीची तर्री मागतात,
रस्त्याने जाणाऱ्या केवलकाकांना उगाच थांबवतात.
मग एका सकाळी चूळ भरायला मान वर करतात
आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून.

पुण्याहून भाऊ विचारतो, बरं आहे ना आता?
आता म्हणजे नेमकं कधी, ते मला ठरवता येत नाही.

मार्चमध्ये न्हाणीत पडले, तेव्हा मी दाराची कडी काढून टाकली.
चार भोकं उरली.
त्यांनी ती बोटाने चाचपली, बोलले काही नाहीत.
दुसऱ्या दिवशी चारही पांढऱ्या सिमेंटने बुजवलेली,
वरून पॉलिश कागद मारलेला.

जे हलत नाही त्यावर नजर ठेवा, बाई म्हणाल्या होत्या.
या घरात काय हलत नाही?
कॅलेंडर फडफडतं, वळणीवरचा टॉवेल डुलतो,
मी तर सारखी हलतच असते.

आज तेच म्हणाले,
"माळ्यावर निळी थैली हाये. काढ."
थैलीत सिमेंटचा वास, एक वाकडी थापी,
आणि दोरी गुंडाळलेला पितळेचा ओळंबा.
तोरणाच्या खिळ्याला तो बांधला.
कूलरच्या वाऱ्यावर झुलायला लागला, म्हणून कूलर बंद केला.
लगेच खोलीत उकाडा भरला.
आम्ही दोघं पलंगावर बसून राहिलो
तो थांबायची वाट बघत.

तो आधी थांबला.
त्यांची नजर दोरीवरून घसरायची, परत यायची,
घसरायची.
मग बऱ्याच वेळाने,
"चौकट बाहेर हाये. पाव इंच."
"तुमीच बसवली होती."
"म्हनूनच त दिसते."

मी उठून खाली वाकून पाहिलं.
दोरी आणि लाकूड यांच्या मधल्या फटीत
करंगळीचं नख तेवढं गेलं.

"लाव न आता कूलर," मागून आवाज आला,
"काय बघून राहिली?"